श्वास रोखून बेतलेलं चिलखत

आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आपोआप थांबते. कुणी बटण दाबलेलं नसतं, बाहेर कुणी उभं नसतं. दार उघडतं, जरा वेळ तसंच राहतं, आणि एखादा माणूस आत येऊन नीट उभा राहिला असावा अशा बेतानं मिटतं. नवे भाडेकरू घाबरतात. जुने लोक बाजूला सरकून जागा करतात. हसू नका, मीसुद्धा सरकतो. आमची ही तर एकदा त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "पिशवी सांभाळ रे, माझ्या पायावर येतेय."

त्याच तिसऱ्या मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लावून, टाचणी राहते. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता तिलाही आठवून सांगावं लागेल. ती कपडे अल्टर करते. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीशेजारी तिचा गाळा आहे, एक मशीन आणि एक माणूस मावेल एवढा. गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं आणि ही आतून हात काढून माप घेते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, वाढलेल्या पोटांना जागा करून द्यायची, उतरलेल्या अंगांचे कपडे आत घ्यायचे. दिवसभर ओठांत टाचण्या आणि त्या ओठांच्या कडेनंच बोलणं. कुणाचं वजन का घटलं, कुणाची कंबर अचानक कुणासाठी घट्ट झाली, हे तिला डॉक्टरच्या आधी कळतं. आणि ही बाई एक अक्षर सांगत नाही! मी निवृत्त माणूस. दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याखेरीज मला नेमून दिलेलं काम उरलेलं नाही. तिच्यासारख्या शेजारणीच्या तोंडात टाचण्या असाव्यात, याचं मला किती दुःख आहे ते सांगून समजणार नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला आम्ही सगळे खालीवर म्हणायचो आणि तो ओ द्यायचा. बुटका, जाडसर, चेहरा कायम आत्ताच कुणी गंमत सांगितल्यासारखा. हत्यारांची पिशवी जन्मभर डाव्या खांद्यावर वागवल्यानं तो खांदा खाली आला होता. पिशवी घरी ठेवून निघाला तरी ती खांद्यावर आहेच असं वाटायचं. पाऊलही तसंच पडायचं. डावं जड, उजवं हलकं. ठप्प, टप. ठप्प, टप. जिन्यात कोण आहे हे बघायला आम्हांला दार उघडावं लागत नसे.

या खालीवरला एक नाद होता. परग्रहावरच्या योद्ध्याचं चिलखत घरी बनवायचं आणि स्वतः घालायचं. डोक्यापासून पायापर्यंत. आपल्या शहरात प्रदर्शनाचा जो मोठा हॉल आहे, तिथे वर्षातून एकदा असली वेडी मंडळी जमतात. कुणाला पंख, कुणाला यंत्राचे हात. हॉलच्या बाहेर रुंद पायऱ्या आहेत, तिथे बघे बसतात आणि समोरून ही वरात जाते. खालीवर दर वर्षी पायऱ्यांवर बसून यायचा आणि मग आठवडाभर तेच बोलायचा. त्याचा योद्धा कुठल्या सिनेमातला नव्हता, स्वतःच्या डोक्यातला होता. दूरच्या एका ग्रहाच्या वेशीवरचा पहारेकरी.

"कुठल्या ग्रहाच्या?" मी विचारायचो.

"ते तिथल्या लोकांनी ठरवायचं, काका. मी आपला पहाऱ्याला."

आणि बायकोला सांगायचा, "तू पायऱ्यांवर बस. मी समोरून जाईन. बघ तर खरी."

आता चिलखत अंगावर बसायचं तर अंगाचं माप नुसत्या टेपनं घेऊन भागत नाही. त्याची एक रीत आहे. माणसाला आधी स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, मग त्यावरून चिकटपट्टीचे वेढे द्यायचे, वर पेनानं रेघा मारायच्या, पाठीवर सरळ चीर देऊन माणसाला बाहेर काढायचं. मागे उरतो तो त्याच्या अंगाचा साचा. एका रविवारी सकाळी हा कार्यक्रम झाला. दार उघडं होतं, त्यामुळे आम्ही दोघं गेलो. बंद असतं तरी गेलो असतो.

खालीवर खोलीच्या मधोमध हात पसरून उभा आणि टाचणी चिकटपट्टीचा गठ्ठा घेऊन त्याच्याभोवती फिरतेय. पट्टी छातीवर यायला आणि या गृहस्थानं श्वास आत ओढून पोट गायब करायला एकच गाठ.

"पोट सोड," टाचणी म्हणाली.

त्यानं मान हलवली. गाल फुगलेले.

"अरे, सोड. नंतर बसायचं नाही अंगात."

"असंच आहे ते," तो दात न उघडता म्हणाला.

"असंच आहे? मग रोज माझ्यासमोर जेवायला बसतं ते कुणाचं?"

आमची ही पदर तोंडाला लावून खोलीबाहेर गेली. खालीवर काही बधला नाही. आणि टाचणीही वस्ताद. आयुष्यभर लोकांच्या पोटांना सैल सोडत आलेली बाई, पण तिलाही त्या दिवशी चेव आला. "राहा मग असाच," म्हणाली आणि वेढ्यावर वेढा देत गेली. मधे तो चोरून जरासा श्वास घ्यायचा आणि पुन्हा छाती काढायचा. शेवटी पाठीवर चीर दिली, तो बाहेर आला, आणि असा काही श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला.

साचा मात्र तसाच उभा राहिला. छाती पुढे, पोट आत, डावा खांदा खाली. डोकं नाही, बाकी सगळा तो.

"हा बरा आहे," टाचणी म्हणाली. "उलट उत्तर देत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत खालीवर गेला. लिफ्टमध्ये गेला असता तर गोष्टीला शोभलं असतं, आणि इमारतीतले काही लोक पाहुण्यांना तसंच सांगतात. पण गेला तो साध्या तापानं, चादर गळ्यापर्यंत ओढून, आणि शेवटपर्यंत डॉक्टरला त्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टचा आवाज बरोबर येत नाही असं सांगत.

साचा मागच्या खोलीत राहिला. तो बसायला लागला, म्हणजे मधे वाकायला लागला, तेव्हा टाचणीनं त्यात खालीवरचे जुने शर्ट ठासून भरले. मग तो पुन्हा छाती काढून उभा. खिडकीपाशी स्टुलावर. दुपारचं ऊन त्या चिकटपट्टीवर चमकायचं. मी एकदा गॅलरीतून सहज, अगदी सहज डोकावलो, आणि नमस्कार करायला माझा हात वर गेला. तो खाली घेताना मला कुणी पाहिलं नाही, एवढंच.

बरेच महिने तिनं त्याला हात लावला नाही. मग एक दिवस ती लहान मुलं ज्यांवर रांगतात तसल्या करड्या फोमच्या चटया घेऊन आली. पाळणाघरानं टाकून दिलेल्या. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज सुरू झाले. पातं ओढल्याचा आवाज. गरम हवेच्या पिस्तुलाचा घोंघाट. ती हवा दिली की फोम मऊ होतो, गुडघ्यावर दाबून धरला की वळतो, गार झाला की तसाच राहतो. चप्पल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आमच्या चहाला यायला लागला.

आणि बोलणं. टाचणी बोलत होती.

मी भिंतीला ग्लास लावून ऐकत होतो.

"काचेचा घ्या," आमची ही म्हणाली. "स्टीलचा नीट ऐकवत नाही."

काचेचा घेतला. पलीकडून टाचणीचा आवाज आला, टाचण्या नसलेल्या तोंडाचा, स्वच्छ. "खांदा वर घे की जरा. जरासा." मग शांतता. "बरं, राहू दे." मग पुन्हा पातं. आणि मग बऱ्याच वेळानं, हळू, "सोड आता श्वास. किती वेळ?"

मी ते हिला सांगितलं. हिनं माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, धुतला आणि फळीवर पालथा ठेवला. टोमणा मारला नाही, तेव्हा मला समजलं की आपण काहीतरी नको ते ऐकलंय.

खालीवरचा धाकटा भाऊ, म्हणजे टाचणीचा दीर, गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतो. तो मदतीला यायला लागला. आल्या दिवशीच त्यानं शहाणपण सांगितलं.

"वहिनी, दोन्ही बाजू कशाला वेगळ्या कापताय? एक कापायची, तीच उलटी ठेवून दुसरी काढायची. सगळे असंच करतात."

"सगळ्यांचे खांदे सारखे असतात, भाऊजी."

डावी बाजू वेगळी कापली गेली, उजवी वेगळी. एका तुकड्याच्या कडेला कुठल्याशा बाळाच्या दातांचे व्रण होते. दीर तो तुकडा फेकायला निघाला, तर टाचणीनं त्याच्या हातून घेतला. "मांडीवर लावू. परग्रहावरचं जनावर चावलं म्हणून सांगू." ती त्या दिवशी हसली. हसली हे मी मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा आमच्या इमारतीत तिला वेड लागलं असं बोलायची टूम निघाली होती, आणि टूम मी काढलेली नव्हती, एवढं तरी माझ्या पदरात घाला.

फोम रंग पितो. म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचे पातळ हात द्यायचे, वाळवायचे, पुन्हा द्यायचे. मग दिरानं गॅरेजमधला चंदेरी रंग मारला. वर काळा रंग फासून फडक्यानं पुसला की खाचांमधे तो अडकतो आणि नवं लोखंड जुनं दिसायला लागतं. दिरानं हौसेनं तलवारीचे वार काढले, आगीचे डाग काढले. टाचणीनं फक्त डाव्या खांद्यावर एक पट्टा घासून घासून चकचकीत केला.

"हे काय, वहिनी?"

"पिशवीचा पट्टा घासला जातो तिथे."

"पहारेकऱ्याकडे कसली पिशवी?"

"आहे," ती म्हणाली.

चिलखत पुरं झालं. हेल्मेट, त्यात जुन्या कॉम्प्युटरचा एक बारका पंखा, डोळ्यांसमोर गडद प्लॅस्टिक. पाठीवर क्लिपा. हॉलमधल्या मेळाव्याचा दिवस जवळ आला. टाचणीचं म्हणणं साधं होतं. कुणीतरी हे घालायचं आणि पायऱ्यांसमोरून चालायचं. ती पायऱ्यांवर बसणार. बघणार. तिला आयुष्यात आणखी काही नको होतं असं मी म्हणत नाही, पण त्या महिन्यात नको होतं.

घालणार अर्थातच दीर. बांधा भावासारखाच. आम्ही सगळे जमलो. पाय गेले, हात गेले, छातीचा भाग पुढून बसला, आणि पाठीमागच्या क्लिपा एकमेकींकडे परकेपणानं बघत राहिल्या. मी ओढलं, हिनं ढकललं, दिराचे डोळे बाहेर आले.

"श्वास घे आत!" मी ओरडलो.

"घेतलाय!"

"आणखी घे!"

"आणखी घ्यायला दुसरा माणूस आणा!"

क्लिपा लागल्या नाहीत. लागणार कशा? ते खालीवरच्या अंगाचं माप नव्हतंच. ते खालीवरनं दाखवायला काढलेल्या छातीचं माप होतं. तो स्वतः परत आला असता तरी त्याला ते झालं नसतं. हे आम्हा चौघांच्या एकाच वेळी लक्षात आलं, आणि खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

दीर घाम पुसत म्हणाला, "वहिनी, दोन बोटं सोडा बाजूनं. तुम्हांला काय, हातचा मळ आहे. अख्ख्या गावाला सोडून देता."

"नाही."

"फोमच तर आहे. मधे पट्टी घातली की..."

"भाऊजी, तो श्वास आहे आत," टाचणी म्हणाली. "सोडला की गेला."

दिरानं मग चिलखत खांबाला बांधून चाकांच्या ढकलगाडीवरून न्यायचा बेत सांगितला. ती म्हणाली, "तो चालायचा. ढकलत न्यायचा नाही." मलाही घालून बघितलं. मी म्हणजे बादलीत उभी केलेली छत्री. आमची ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर, पेला हातातच धरून, तिनं टाचणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टाचणी बारीक. उंचीला नवऱ्याएवढीच.

"अगं," ही म्हणाली, "तुलाच होईल की."

टाचणीनं लगेच उत्तर दिलं. म्हणजे तिनं हे आधीच ताडलं होतं आणि कुणी ते बोलू नये असंच तिला वाटत होतं.

"मग बघणार कोण, काकू?"

जो आत जाईल त्याला तो दिसणार नाही. आणि आत जाऊ शकणारी एकटी तीच. ही तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आम्ही बघू. नीट बघू. नंतर सगळं सांगू तुला. हे तर एकाचे चार करून सांगतील."

मेळाव्याच्या दुपारी आम्ही बैठकीच्या खोलीत थांबलो होतो. मागच्या खोलीत दीर क्लिपा लावत होता. एकेक क्लिप लागल्याचा आवाज येत होता. मग दार उघडलं.

ठप्प, टप. ठप्प, टप.

मी कसा सांगू? डाव्या खांद्याचा तुकडा खाली बेतलेला, त्यामुळे आतला खांदा खालीच राहणार. खांदा खाली गेला की पाऊल तसंच पडणार. हे सगळं मला समजतं, तुम्ही समजावू नका. पण पॅसेजमधून खालीवर आला. छाती काढून, पोट आत घेऊन, थट्टा ऐकायला तयार. आमच्या हिनं माझं मनगट धरलं. दिराच्या तोंडून "दादा" एवढंच आलं, आणि तो खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या पायांत चपला होत्या.

हेल्मेटमधून, पंख्याच्या घुरघुरीतून आवाज आला. "आला का?"

"आला," ही म्हणाली.

लिफ्टमध्ये आम्ही चौघं शिरलो. दार मिटायच्या आधी जरा जास्तच वेळ उघडं राहिलं. नंतर वजन जास्त झाल्याची शिटी वाजली. चार माणसांत ती कधी वाजत नाही. मी बाहेर आलो आणि जिन्यानं उतरलो.

हॉलपाशी ही गर्दी. पंखवाले, शिंगवाले, पुठ्ठ्याचा एक यंत्रमानव कुणाच्या तरी धक्क्यानं आडवा पडलेला. आम्ही पायऱ्यांवर जागा धरली, आणि मधे टाचणीची शिवणाची पिशवी ठेवून तिचीही धरली. कुणी बसायला आलं की ही म्हणायची, "येतेय ती." वरात निघाली. पहारेकरी समोर आला. त्यानं मान वळवून पायऱ्यांकडे बघितलं, पिशवीच्या जागी बघितलं, आणि पुढे गेला. शेजारचा कुणी अनोळखी इसम म्हणाला, "काय चाल बसवलीय राव! कसलं ओझं घेऊन चाललाय असं वाटतंय."

परतताना टाचणीनं हेल्मेट काढलं नाही. रस्त्यावर आल्यावर विचारलं, "कसा चालला?"

मी. ज्याला एकाचे चार करता येतात तो मी. मला एकही शब्द सुचला नाही. हीच म्हणाली, "तसाच गं. अगदी तसाच."

"मला नुसते लोकांचे पाय दिसले," हेल्मेट म्हणालं.

हॉलपासून आमच्या गल्लीपर्यंत रस्ता सरळ आहे, आणि ऊन पाठीमागून, खाली उतरलेलं. आम्ही मागे राहिलो होतो, ती पुढे. चालता चालता ती एकदम थांबली. तिच्या पायांपासून निघून रस्त्यावर लांब पडलेली सावली होती. चिलखताची. गोल डोकं, रुंद छाती, आणि एका बाजूला उतरलेला खांदा.

तिनं एक पाऊल टाकलं. सावलीनं टाकलं. ठप्प. मग दुसरं. टप.

आमची गल्ली डावीकडे वळते. ती वळली नाही. वळली असती तर सावली बाजूला गेली असती. दीर हाक मारणार होता, हिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. टाचणी सरळ चालत राहिली आणि तो तिच्या पुढे चालत राहिला. लॉन्ड्री गेली, तिचा गाळा गेला, बसचा थांबा गेला. रस्ता जिथे संपतो तिथे एका गोदामाची उंच, कोरी भिंत आहे. सावली भिंतीपाशी पोचली, आणि आडवी होती ती उभी राहिली. पायांपासून डोक्यापर्यंत. समोर.

टाचणी थांबली. शेजारी कठड्याची एक बसकी पायरी होती. तिनं पायरीकडे बघितलं. बसायला वाकली, तर भिंतीवर तोही वाकायला लागला. ती झटकन सरळ झाली. तिला बसून त्याला उभा बघायचं होतं. पण ती बसली की तो बसणार होता. मग ती उभीच राहिली.

आम्ही जवळ गेलो तेव्हा हेल्मेटमधून पंख्याच्या आवाजात मिसळलेला दुसरा आवाज येत होता. ती आत रडत होती, चांगली गदागदा. पण फोम वाळून कडक झालेला, वर गोंदाचे हात, वर रंग. आतलं काही बाहेर हलत नव्हतं. भिंतीवर तो स्तब्ध होता. छाती काढलेली, पोट आत, खांदा खाली. श्वास रोखून.

"सोड," ती म्हणाली. "सोड रे आता."

दीर म्हणाला, "काकू, क्लिपा काढू?"

"थांब," ही म्हणाली. "ऊन आहे अजून."